येत होतं, तरी चुकलं: अभ्यासू मुलांच्या धांदरट चुका आणि त्यांचे परिणाम (अनुभव धागा)

मूल मन लावून अभ्यास करतं, त्याला सगळं येतं, आणि तरी एक पान उलटायचं राहतं, उणे चिन्ह गळतं, अर्जाची तारीख टळून जाते. गुण जातात, संधी जाते, कधी शिक्षाही होते. अशा वेळी 'नीट लक्ष दे' यापलीकडे काय करता येतं, ते मुलांबरोबर रोज काम करणाऱ्यांनी इथे लिहावं. किस्से नकोत. चूक नेमकी कुठे होते, का होते आणि काय केलं की थांबते, एवढंच हवं आहे.

गणित शिक्षिका

ज्याला गणित येतं त्याच्या चुका ठरावीक जागी होतात: उदाहरण उतरवून घेताना, कंस सोडवताना, हातचा धरताना आणि शेवटी एकक लिहिताना. −३(क्ष − ४) हे घ्या. हुशार मूलही −३क्ष − १२ लिहून मोकळं होतं. नियम त्याला पाठ असतो, पण पहिल्या पदाला गुणताना उणे 'वापरून झालं' अशी मनाची समजूत होते आणि दुसऱ्या पदाच्या वाट्याला नुसता ३ येतो. बाहेरच्या −३ पासून आतल्या दोन्ही पदांकडे दोन छोटे बाण काढायला लावा. दुसऱ्या बाणाखाली आधी चिन्ह लिहायचं, म्हणजे +, आणि मग १२. संख्या आधी आणि चिन्ह नंतर असा क्रम ठेवला की चिन्ह गळतं.

दुसरी नेहमीची गफलत अंकांच्या अदलाबदलीची, ६३ चे ३६. इथे नऊचा ताळा (अंकांची बेरीज करून उत्तर तपासण्याची रीत) उपयोगाचा नाही, कारण दोन्हीकडे अंकांची बेरीज ९ च येते. पण फरक बघा: २७, म्हणजे ९ च्या पटीत. दोन बेरजा जुळत नसतील आणि त्यांच्यातल्या फरकाला ९ ने पूर्ण भाग जात असेल, तर सगळ्यात आधी उलटे पडलेले अंक शोधायचे.

आता पडताळ्याबद्दल. त्याच वाटेने पुन्हा सोडवलं की तीच चूक पुन्हा होते, कारण डोळ्याला जे अपेक्षित असतं तेच दिसतं. म्हणून उलट्या वाटेने जायचं: वजाबाकी बेरजेने तपासायची, भागाकार गुणाकाराने. समीकरणाचं उत्तर मूळ समीकरणात घालून बघायचं, आणि मूळ म्हणजे प्रश्नपत्रिकेत छापलेलं. स्वतः उतरवलेल्या ओळीत किंमत घातली तर उतरवतानाची चूक सापडणारच नाही. गुणाकाराआधी अंदाज मांडायचा: ४८ × २१ म्हणजे साधारण ५० × २० = १०००. उत्तर १००८ आलं तर ठीक. १०८ किंवा १०,००८ आलं तर तिथेच थांबायचं.

चुकांची वेगळी वही ठेवायची असेल तर चार रकाने पुरतात: काय लिहिलं, काय हवं होतं, कितव्या पायरीला घसरलं, आणि त्या पायरीवर यापुढे काय करणार. तिसऱ्या रकान्यात 'लक्ष नव्हतं' हे उत्तर धरायचं नाही. 'तिसऱ्या ओळीत कंस सोडवताना' असं लिहून घ्यायचं. दहाबारा नोंदी झाल्या की दिसतं, चुका वीस प्रकारच्या नसतात, दोनतीनच असतात. अक्षरही तपासा. १ आणि ७, ० आणि ६ सारखेच काढणारं मूल स्वतःचंच लिखाण चुकीचं वाचतं.

उत्तरपत्रिका तपासणारे

बाईंच्या मुद्द्यात परीक्षेच्या बाजूने भर घालतो.

गोल भरायच्या उत्तरपत्रिकेत सगळ्यात महागात पडतं ते सरकणं. प्रश्न १७ सोडून द्यायचा असतो, पण पत्रिकेवरची १७ ची ओळ सोडायची राहते आणि १८ चं उत्तर तिथे बसतं. पुढची सगळी उत्तरं एका घराने वर जातात. येत असलेले पंचवीस प्रश्न चुकतात ते असे. यावर दोन सवयी आहेत. प्रश्न सोडताना पत्रिकेवरच्या त्या क्रमांकावर पेन्सिलीने ठिपका ठेवून मनात 'सतरा, रिकामा' म्हणायचं. (कुठलीही जादा खूण चालत नसेल तर ती प्रश्नपुस्तिकेत करायची.) आणि दर दहाव्या प्रश्नाला दोन्हीकडचे क्रमांक जुळवायचे. म्हणजे सरकलंच तरी नुकसान दहाच्या आत राहतं. सरकल्याचं लक्षात आलं तर घाबरून सगळं खोडायला जाऊ नये. आधी पहिली सरकलेली ओळ शोधायची. ती बहुतेक वेळा शेवटच्या सोडलेल्या प्रश्नाजवळच सापडते. पेनने भरलेलं बदलता येत नसेल तर तेवढं सोडून पुढचं बरोबर घरात भरायचं आणि पर्यवेक्षकांना लगेच सांगायचं.

लेखी पेपरला पहिल्या दोन मिनिटांत पानं मोजायची आणि प्रश्नांच्या गुणांची बेरीज वर छापलेल्या एकूण गुणांशी जुळवायची. मागच्या पानावरचा प्रश्न राहतो तो ही पायरी गाळल्यामुळेच. 'कोणतेही चार', 'योग्य नसलेले', 'कारणांसह' या शब्दांखाली रेघ मारायची. ही गोष्ट साधी वाटते, पण प्रश्न ओळखीचा वाटला की अभ्यासू मूल अर्ध्यातच वाचन थांबवतं. उत्तर त्याला येत असतं, फक्त ते विचारलेल्या प्रश्नाचं नसतं.

पायऱ्या लिहाव्यात, अगदी सोप्या असल्या तरी. जिथे पायरीला गुण असतात तिथे आकडेमोडीत एक चूक झाली तरी पुढच्या योग्य पद्धतीचे गुण मिळू शकतात. नुसतं चुकलेलं उत्तर लिहिलं असेल तर परीक्षकाला देण्यासारखं काही उरत नाही.

तीन तासांच्या पेपरात शेवटची दहा मिनिटं राखून ठेवायची. त्यातला क्रमही ठरलेला हवा: आधी आसन क्रमांक आणि पुरवण्या, मग राहून गेलेले उपप्रश्न, मग चिन्हं आणि एककं. सगळा पेपर पुन्हा वाचत बसायचं नाही. आणि दुसरं उत्तर का बरोबर, याचं कारण सांगता येत नसेल तर लिहिलेलं खोडायचं नाही.

शालेय समुपदेशक

चूक दोन तऱ्हेची असते. एकीत मुलाला माहीतच नसतं किंवा समज चुकलेली असते. दुसरीत माहीत असतं, ठरवलेलंही बरोबर असतं, फक्त करताना घसरतं. जेम्स रीझन या मानसशास्त्रज्ञांनी मानवी चुकांच्या अभ्यासात हा भेद नीट मांडला आहे. दुसऱ्या तऱ्हेची चूक ज्याला काम येतं त्याच्याकडूनच होते. सराव इतका झालेला असतो की हात आपोआप चालतो आणि मन पुढच्या प्रश्नावर गेलेलं असतं. म्हणून अशा चुकीवर 'अजून शंभर गणितं सोडव' ही शिक्षा उलटी पडते. हात आणखी आपोआप चालायला लागतो. तिथे हवा असतो थांबा, ठरावीक जागी, ठरावीक कृतीचा.

घरी पहिल्या तासात उलटतपासणी नको. 'तुझं लक्ष कुठे होतं?' याला मुलाकडे उत्तर नसतं. ते रडतं, नाहीतर खोटं बोलतं. 'कुठे घसरलं ते दाखव' म्हटलं तर बोट ठेवता येतं.

परिणाम भोगू द्यावा का? माझ्या मते, ज्याचा परिणाम संध्याकाळपर्यंत संपतो तो मुलाचा मुलानेच भोगावा. वही घरी राहिली, तर ती घेऊन शाळेत धावू नका. ज्याने वर्ष जाईल, तिथे मोठ्यांनी उभं राहायलाच हवं. पण तिथेही दुरुस्तीचं काम मुलाकडे ठेवा. अर्जाची तारीख गेली असेल तर विनंतीचं पत्र त्याने लिहावं, कार्यालयात त्याने बोलावं, आपण बाजूला उभं राहावं. चुकीशी संबंध नसलेली शिक्षा, म्हणजे अर्ज राहिला म्हणून खेळ बंद, यातून मूल एवढंच शिकतं की चूक कळू द्यायची नाही.

आणि एका गोष्टीवर नजर ठेवा. दप्तर पाच पाच वेळा तपासणं, खोडून खोडून कागद फाटणं, पेपर हातातून न सुटणं, गुणपत्रिका लपवणं. हे दिसू लागलं तर काळजीच स्मरणाची जागा अडवून बसली आहे. तेव्हा तपासणी वाढवायची नाही, कमी करायची: एकदाच, यादीनुसार, आणि मग वही बंद. झोप तर अजिबात तोडू नका.

विज्ञान प्रयोगशाळा

प्रयोगशाळेत नजरचूक गुणांपुरती राहत नाही. आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात नाही, हे प्रत्येकाला तोंडपाठ असतं. तरी घाईत हात उलटा जातो आणि तयार होणाऱ्या उष्णतेने आम्ल उसळून अंगावर येतं. जपानी रेल्वेतले कर्मचारी सिग्नलकडे बोट दाखवून त्याची स्थिती मोठ्याने उच्चारतात, तीच पद्धत इथे लागू पडते. बाटलीवरच्या चिठ्ठीला बोट लावून नाव वाचायचं, चंचुपात्राकडे बोट करून 'यात पाणी आहे' म्हणायचं, मगच ओतायचं. डोळा, हात आणि आवाज एका जागी आले की मन पुढे पळत नाही.

काच फुटली तर क्रम असा: सगळ्यांनी थांबायचं, शिक्षकांना सांगायचं, ब्रश आणि सुपलीने गोळा करायचं (हाताने कधीच नाही), नोंदवहीत लिहायचं. तापमापी पाऱ्याची असेल तर मुलांना दूर करायचं, खिडक्या उघडायच्या, झाडू लावायचा नाही. झाडूने पाऱ्याचे थेंब आणखी बारीक होऊन पसरतात. परिणाम म्हणून पुढच्या तासाला त्या मुलाने गटाचा नोंदकार व्हावं आणि प्रत्येक पायरी आधी वाचून दाखवावी. फोडण्यापेक्षा सांगण्याची शिक्षा मोठी झाली की काचा कपाटामागे सापडायला लागतात.

एककांविषयी एक उदाहरण वर्गात जरूर सांगा. १९८३ मध्ये कॅनडात एका प्रवासी विमानात २२,३०० किलो इंधन हवं होतं. लिटरचं वजनात रूपांतर करताना पाउंडाचा गुणक, १.७७, वापरला गेला. किलोसाठी तो सुमारे ०.८ हवा होता. विमानात गरजेच्या निम्म्याहूनही कमी इंधन भरलं गेलं आणि वाटेतच इंजिनं बंद पडली. वैमानिकांनी विमान तरंगत गिमली इथे उतरवलं, माणसं वाचली. आकडेमोड अनेकांनी तपासली होती, पण सगळ्यांनी तोच गुणक घेऊन. म्हणून प्रत्येक ओळीत संख्येबरोबर एकक लिहायचं, फक्त उत्तरात नाही.

परीक्षा केंद्राचं काम पाहणारे

एक प्रसंग वर कुणी मांडला नाही: खिशात राहिलेला मोबाईल. फोन बंद होता, वापरला नाही, हे खरं असलं तरी बहुतेक नियमांत तो जवळ सापडणं हाच गैरप्रकार धरतात. हेतू नंतर बघितला जातो. म्हणून दाराबाहेर चारही खिसे, जॅकेट आणि कंपासपेटी हाताने चाचपायची, नुसतं आठवून नाही. आत बसल्यावर लक्षात आलं तर सापडण्याआधी हात वर करून स्वतः सांगायचं. आपण होऊन सांगितलं, हे नोंदीत येऊ द्यायचं.

पकडलं गेलं तर वाद घालू नये, फोन हिसकावून परत घेऊ नये, वाचल्याशिवाय सही करू नये. लेखी खुलासा मागितला जातो, तो त्याच दिवशी मुलाने स्वतः लिहावा. वेळेच्या क्रमाने: घरून किती वाजता निघालो, फोन कुठल्या खिशात होता, बंद होता की चालू, कधी लक्षात आलं, कुणाला सांगितलं. 'मी नेहमी पहिला येतो' हे वाक्य त्यात नको, त्याचा प्रसंगाशी संबंध नाही. इतरांनी काय केलं तेही नको. अर्ध्या पानात मावतं. एक प्रत स्वतःकडे ठेवा, आणि दिलेल्या प्रतीची पोच तारखेसह घ्या. सुनावणीला पालकांनी सोबत जावं, पण पहिला प्रश्न मुलालाच विचारला जातो. तेव्हा त्याच कागदावर लिहिलेलं त्याने त्याच क्रमाने सांगावं.