हवाई हल्ल्यात मेलेले नागरिक मोजतं कोण?

खडूफळा: इराकमधल्या मोसुलच्या अल-जदीदा भागातल्या १७ मार्च २०१७ च्या अमेरिकी हवाई हल्ल्यात किमान १०५ नागरिक गेले, असं अमेरिकेनेच मान्य केलं. ढिगाऱ्याखालची माणसं मोजली कशी?

जुना_वार्ताहर: त्या १०५ मधले १०१ एकाच इमारतीत आसऱ्याला होते, ४ शेजारच्या. शिवाय ३६ जणांचा पत्ताच नव्हता. छतावरच्या आयसिसच्या दोन नेमबाजांसाठी ५०० पौंडी बॉम्ब! इमारत आयसिसने पेरलेल्या स्फोटकांनी कोसळली, असं अमेरिकेच्या चौकशीचा अहवाल म्हणतो. तिथल्या रहिवाशांना ते पटलं नाही.

बाहेरून नोंद ठेवणाऱ्यांत लंडनची एअरवॉर्स ही संस्था. स्थानिकांच्या अरबी पोस्टी पुसल्या जायच्या आत जपून ठेवायच्या, नावं-वयं ताडायची, व्हिडिओतला मिनार उपग्रहचित्रात शोधायचा. अरबी नावांची स्पेलिंगं दहा तऱ्हेची, त्यामुळे एकच माणूस दोनदा मोजला जाण्याची धास्ती कायम. म्हणून ते एक आकडा न देता किमान-कमाल देतात. मला तेच प्रामाणिक वाटतं.

खडूफळा: पण पोस्ट खोटी असली तर?

जुना_वार्ताहर: एकट्या पोस्टीवर भरवसा नाहीच. दोन विश्वासार्ह स्रोत हवेत, आणि त्या दिवशी तिथे हल्ला झाल्याची नोंदही. नाहीतर शेरा पडतो ‘कच्चा’. नोंद मात्र खोडत नाहीत.

सांजवात: नातेवाईक वर्षांनीही नाव सुधारून घेतात म्हणे?

जुना_वार्ताहर: घ्यावंच. याद्या उघड्या ठेवतात त्या त्यासाठीच.