वडिलांच्या डोळ्याच्या पडद्याची मोजणी: कराडचे जुने यंत्र की पुण्यातील नवे? सल्ला हवा

कृष्णाकाठचा:
नमस्कार. माझे वडील ६८ वर्षांचे असून आम्ही कराडला राहतो. त्यांना बऱ्याच वर्षांपासून मधुमेह आहे आणि आजीला काचबिंदू होता. दोन वर्षांपूर्वी येथील नेत्रतज्ज्ञांनी त्यांचा ओसीटी, म्हणजे प्रकाशाच्या साहाय्याने पडद्याच्या थरांची जाडी मोजणारा स्कॅन, केला होता. त्यात नेत्रनाडीभोवतीच्या तंतुथराची, म्हणजे अहवालात ज्याला आरएनएफएल म्हणतात त्याची, सरासरी जाडी उजव्या डोळ्यात ८४ आणि डाव्या डोळ्यात ७१ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आली होती, आणि डावीकडचा एक भाग लाल रंगात छापला गेला होता. डोळ्यातील दाब तेव्हा १८ होता आणि औषध सुरू केलेले नव्हते. आता पुन्हा स्कॅन करून घेण्यास सांगितले आहे. माझ्यापुढे तीन पर्याय आहेत: कराडलाच त्याच यंत्रावर स्कॅन करणे, पुण्यात लेसर स्कॅनिंगची जोड असलेल्या नव्या ओसीटी यंत्रावर करणे, किंवा पुण्यातच बाहुली न विस्फारता जवळजवळ संपूर्ण पडद्याचे छायाचित्र घेणारे लेसर यंत्र निवडणे. प्रवास धरून खर्च ४००० रुपयांच्या आत बसवायचा आहे.

निवृत्त_मुख्याध्यापक:
डोळ्यांच्या बाबतीत पैशाचा विचार करू नये. मी स्वतः पुण्यात स्पेक्ट्रॅलिस या लेसरची जोड असलेल्या ओसीटी यंत्रावर स्कॅन करून घेतो. त्यात लेसरचा किरण पडद्यावरून फिरत राहून डोळ्याच्या हालचालीचा माग ठेवतो, त्यामुळे पुढच्या भेटीत अगदी त्याच जागी स्कॅन घेता येतो. माझा अहवाल पाहून तेथील डॉक्टरांनी इतके स्वच्छ स्कॅन या वयात क्वचितच मिळतात असे सांगितले. आपण थेट पुणे गाठावे आणि मुक्काम करून सर्व तपासण्या एकदाच उरकाव्यात.

डनफर्मलिनची_सई:
मी स्कॉटलंडमध्ये ज्या गावात राहते तेथेच तिसऱ्या पर्यायासारखे यंत्र बनवणारी ऑप्टॉस ही कंपनी १९९२ मध्ये सुरू झाली, म्हणून राहवले नाही. संस्थापक डग्लस अँडरसन यांच्या लहान मुलाचा पडदा सरकल्याचे वेळेत लक्षात आले नाही आणि त्याची एका डोळ्याची दृष्टी गेली. मुलांना त्रास न होता पडद्याचा कडेचा भागही दिसावा, या हेतूने त्यांनी हे यंत्र घडवले. लंबवर्तुळाकार आरशामुळे एकाच प्रतिमेत २०० अंशांपर्यंतचा, म्हणजे पडद्याचा सुमारे ८२ टक्के भाग येतो. पडद्याचे छायाचित्र घेणाऱ्या साध्या फंडस कॅमेऱ्यात ४५ ते ५० अंशच येतात. येथे डोळ्यांची तपासणी सरकारी खर्चाने होते, परंतु या प्रतिमेचे पैसे मी दरवर्षी वेगळे भरते आणि त्याचे मला वाईट वाटत नाही. आपण तिसरा पर्याय घ्यावा.

भीमथडी:
सईताईंनी सांगितले ते खरे असले तरी अपुरे आहे. माझ्या सासूबाईंची अशीच विस्तृत प्रतिमा एका केंद्रात काढली आणि सर्व ठीक असल्याचे सांगून आम्हाला परत पाठवले. त्यांना वाचताना ओळी वाकड्या दिसतच राहिल्या. पुढे दुसरीकडे ओसीटी केल्यावर पडद्याच्या मध्यभागी मधुमेहामुळे सूज असल्याचे आढळले. वरून घेतलेल्या सपाट चित्रात जाडी मोजली जात नाही, एवढी गोष्ट त्या केंद्राने सांगायला हवी होती. शिवाय त्या चित्रात खालच्या बाजूला पापण्यांच्या केसांची सावली येते आणि रंग केवळ लाल व हिरव्या लेसरचे असल्यामुळे पडदा प्रत्यक्षात दिसतो तसा दिसत नाही.

अनामिक_वाचक:
वडिलांच्या वयात डोळ्यात लेसर सोडणे सुरक्षित आहे का, हा मूळ प्रश्न कोणी विचारतच नाही. आमच्या शेजाऱ्यांना लेसर केल्यानंतर रात्री कमी दिसू लागले.

भीमथडी:
आपल्या शेजाऱ्यांवर बहुधा मधुमेहासाठी पडद्याच्या कडेचा भाग भाजण्याचा उपचार झाला असावा, आणि त्यानंतर रात्रीची दृष्टी काहीशी कमी होऊ शकते. येथे विषय मोजणीचा आहे. या यंत्रांतील किरण अतिशय क्षीण असतो, पडद्यावर क्षणभरही एका जागी थांबत नाही, आणि त्याने काही भाजले जात नाही.

जुना_रुग्ण:
माझ्याकडे एचआरटी यंत्राचे जुने अहवाल आजही जपून ठेवलेले आहेत. ६७० नॅनोमीटरचा लाल लेसर नेत्रनाडीच्या खळग्यावरून वेगवेगळ्या खोलीवर फिरवून ते यंत्र खळग्याचा उंचसखल नकाशा काढत असे. अहवालावर हिरवी बरोबरची खूण, पिवळे उद्गारचिन्ह किंवा लाल फुली असायची, आणि ती आम्हालाही कळायची. आजचे अहवाल कोणाला कळतात? लेसरने खरे मोजणारे यंत्र हेच होते. ओसीटीला लेसर स्कॅन म्हणणेच मुळात चुकीचे आहे.

प्रकाशिकी_प्रेमी:
जुन्या रुग्णांशी मी अर्धवट सहमत आहे. सध्या सर्वत्र असलेल्या ओसीटी यंत्रांत सुपरल्युमिनसंट डायोड असतो, ज्याचा प्रकाश लेसरइतका एकजिनसी नसतो. त्यामुळेच परत आलेल्या प्रकाशाच्या व्यतिकरणातून, म्हणजे प्रकाशलहरी एकमेकींत मिसळण्यातून, कोणता थर किती खोल आहे हे पाच-सात मायक्रॉनपर्यंत ठरवता येते. मात्र स्वेप्ट सोर्स प्रकारच्या यंत्रांत तरंगलांबी बदलत जाणारा खराखुरा लेसर असतो. ओसीटीचा पहिला शोधनिबंध १९९१ चा, तर लेसर फिरवून पडदा पाहण्याची रॉबर्ट वेब यांची कल्पना त्याच्याही दहा-अकरा वर्षे आधीची आहे.

निवृत्त_मुख्याध्यापक:
कोणता प्रकाश आहे याने रुग्णाला काय फरक पडतो? पुण्याला जावे, हे मी आधीच सांगितले आहे.

सांगलीची_ऑप्टोमेट्रिस्ट:
मी रोज हे स्कॅन घेते, म्हणून प्रथम एक प्रश्न विचारते. अहवालाच्या वरच्या कोपऱ्यात सिग्नल स्ट्रेंग्थ, म्हणजे स्कॅन किती स्पष्ट आला त्याचा आकडा, किती छापली आहे? तो आकडा पाहिल्याशिवाय ७१ या आकड्यावर बोलण्यात अर्थ नाही.

कृष्णाकाठचा:
कराडचे ओसीटी यंत्र सिरस नावाचे आहे. उजव्या डोळ्यासाठी १० पैकी ८ आणि डाव्यासाठी ५ असे लिहिले आहे. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू सुरू झाला असल्याचेही डॉक्टर म्हणाले होते.

सांगलीची_ऑप्टोमेट्रिस्ट:
मग डाव्या डोळ्याच्या लाल रंगाला घाबरू नये आणि त्यावर विसंबूनही राहू नये. त्या यंत्रावर किमान ६ अपेक्षित असतात. मोतीबिंदूमुळे किंवा डोळे कोरडे असल्यामुळे सिग्नल मंदावला की थराची जाडी खऱ्यापेक्षा कमी मोजली जाते. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर तोच आकडा काही मायक्रॉनने वर गेलेला आम्ही नेहमी पाहतो. लाल रंगाचा अर्थ एवढाच, की यंत्राकडे असलेल्या त्याच वयाच्या निरोगी लोकांच्या नोंदींत इतकी कमी जाडी एक टक्क्याहून कमी जणांत आढळते. वडिलांना मोठा उणे नंबर असेल तर तंतूंच्या जुड्यांची जागाच सरकलेली असते आणि निरोगी डोळाही लाल दिसू शकतो.

पुण्याबद्दल सांगायचे तर यंत्र निःसंशय उत्तम आहे, पण त्याचे आकडे जुन्या अहवालाशेजारी ठेवून वजाबाकी करता येणार नाही. निरोगी पडद्याच्या मध्यभागाची जाडी स्ट्रॅटस या जुन्या प्रकारच्या ओसीटी यंत्रावर २१० मायक्रॉनच्या आसपास, तर स्पेक्ट्रॅलिसवर २७० च्या आसपास येते, कारण पहिले यंत्र प्रकाशग्राही पेशींमधील एका रेषेपर्यंत मोजते आणि दुसरे त्याहून खोल, पडद्यामागच्या ब्रुक पटलापर्यंत. तंतुथराच्या बाबतीतही यंत्रायंत्रांत फरक पडतो. एकाच यंत्रावर, एकाच महिन्यात दोनदा मोजले तरी सरासरी जाडी चार-पाच मायक्रॉन इकडेतिकडे होऊ शकते.

माझा सल्ला असा, की आधी फील्ड टेस्ट, म्हणजे नजरेच्या कक्षेची तपासणी, करावी, कॉर्नियाची, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक भागाची, जाडी आणि डोळ्यातील पाणी बाहेर जाण्याच्या जागेचा कोन तपासून घ्यावा, मधुमेहासाठी बाहुली विस्फारून संपूर्ण पडदा पाहून घ्यावा, आणि डाव्या मोतीबिंदूचे काय करायचे ते ठरल्यावरच स्कॅनवर पैसे खर्च करावेत. केवळ ओसीटीवरून काचबिंदू ठरवता येत नाही.

हडपसरकर:
पुण्याला यायचेच असेल तर महंमदवाडीच्या एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालयात चौकशी करावी. धर्मादाय रुग्णालय असल्यामुळे खर्चाचा प्रश्न बराच हलका होईल.

डनफर्मलिनची_सई:
पडद्याच्या कडेला मधुमेहाचे बदल असतील तर ते ओसीटीत येणार नाहीत, हे कोणी लक्षात घेतलेले दिसत नाही. मी अजूनही तिसऱ्या पर्यायावरच आहे.

भीमथडी:
बाहुली विस्फारून पाहिल्यावर कडा दिसतेच, आणि ते वरच लिहिले आहे.

कृष्णाकाठचा:
सर्वांचे आभार. आज कराडच्या दवाखान्यात फोन केला तेव्हा कळले, की तेथील जुने यंत्र पुढच्या महिन्यात जाणार असून त्याच्या जागी दुसऱ्या कंपनीचे येणार आहे. त्यामुळे मी असे ठरवले आहे, की याच आठवड्यात बाहुली विस्फारून जुन्या यंत्रावर दोन्ही डोळ्यांचा स्कॅन करून घ्यायचा आणि नवे यंत्र आले की लगेच त्यावरही एकदा करायचा, म्हणजे जुन्या मोजणीचा शेवट आणि नव्या मोजणीची सुरुवात यांत मोठे अंतर राहणार नाही. दुसऱ्या स्कॅनच्या वेळीच फील्ड टेस्ट होईल. दोन्ही मिळून खर्च मर्यादेच्या थोडा वर जातो, पण पुण्याचा प्रवास वाचतो, आणि वडिलांनाही एसटीने पुण्याला जायचे नाही.

निवृत्त_मुख्याध्यापक:
मग सल्ला कशासाठी विचारला, हे समजले नाही. दोन स्कॅनच्या पैशांत पुण्याचा एक सहज झाला असता.

सांगलीची_ऑप्टोमेट्रिस्ट:
मी असते तर फील्ड टेस्ट आधी केली असती, परंतु यंत्र जाणार असेल तर आपला विचार मला अयोग्य वाटत नाही. स्कॅनपूर्वी डोळ्यांत कृत्रिम अश्रूंचे थेंब टाकण्याची विनंती करा आणि वडिलांना पापण्यांची उघडझाप करू द्या. सिग्नल ६ च्या खाली आला तर तेथेच पुन्हा घ्यायला सांगा. जुने यंत्र जाण्याआधी दोन्ही वेळच्या स्कॅनच्या मूळ फायली पेनड्राइव्हवर मागून घ्या, कारण छापील कागदावरून थरांच्या रेषा चुकीच्या जागी आखल्या गेल्या होत्या का, हे नंतर नीट तपासता येत नाही.