दोष कुणाचा ते नंतर, आधी भरपाई: न्यूझीलंडची पद्धत आपल्याकडे चालेल?

ऑकलंडवासी
वहिनीचं गावी पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, त्यात पित्तनलिका कापली गेली. ग्राहक आयोगात सहावं वर्ष चालू आहे. तज्ज्ञाचं मत मिळवण्यातच दीड वर्ष गेलं. सर्जनविरुद्ध सर्जन लिहून देईना. इथे ऑकलंडला शेजारणीच्या गुडघ्याच्या ऑपरेशनात नसेला इजा झाली. दाव्याचा फॉर्म डॉक्टरनेच भरला. एसीसी या सरकारी महामंडळाकडून पगाराच्या ८०% सुरू, वर फिजिओ. वकील कुठेच नाही. कुठल्याही अपघाती इजेला दोष न बघता भरपाई, ही कल्पना न्यायमूर्ती ओवेन वुडहाऊस यांनी १९६७ मध्ये मांडली, १ एप्रिल १९७४ पासून ती लागू आहे. बदल्यात भरपाईसाठी दावा लावायचा हक्क गेला. २००५ पर्यंत डॉक्टरची चूक किंवा दुर्मिळ, गंभीर गुंतागुंत दाखवावी लागे. आता इजा उपचारातूनच झाली आणि ती त्या उपचाराचा नेहमीचा परिणाम नव्हती, एवढं दाखवलं की पुरे. आपल्याकडे का नको?

काळाकोट
कारण आपल्याकडे 'विनादोष' म्हणजे 'चिल्लर'. मोटार अपघाताचं कलम १४० आठवा: मृत्यूला ५० हजार, १९९४ पासून २०२२ पर्यंत तोच आकडा! आता कलम १६४ मध्ये ५ लाख. उलट चुकीच्या उपचारांनी दगावलेल्या अनुराधा साहा यांच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने २०१३ ला जवळपास ६ कोटी दिले. हक्क सोडून सरकारी खिडकीपुढे उभं राहायला कोण सांगतंय?

ऑकलंडवासी
साहा १९९८ ला गेल्या. पंधरा वर्षं! नवरा स्वतः अमेरिकेत डॉक्टर, स्वतःची बाजू स्वतः मांडणारा. आमची वहिनी दहावी पास आहे.

भूलवाला
मी भूलतज्ज्ञ. काही बिनसलं की पहिला फोन वकिलाला जातो, आणि मग केसपेपर 'नीट' लिहिला जातो. (कसा, ते विचारू नका.) सुप्रीम कोर्टाच्या जेकब मॅथ्यू निकालानंतर डॉक्टरवर फौजदारी गुन्ह्याला घोर निष्काळजीपणा लागतो, हे खरं, पण काचा फोडायला आलेल्या जमावाने तो निकाल वाचलेला नसतो. पैशाचा प्रश्न बाजूला गेला तर डॉक्टर निदान खरं बोलतील.

वेलिंग्टनचा बंड्या
धागाकर्ते, अर्धंच सांगताय. इथे शिडीवरून पडलात तर ८०% पगार. त्याच माणसाला अर्धांगवायू झाला तर तो आजार, एसीसी नाही. उत्पन्न बघून मिळणाऱ्या भत्त्यावर भागवायचं. आणि इजा उपचाराने की मूळ दुखण्याने, हा वाद इथेही होतोच.

शरयू_माई
माझी मुलगी बाळंतपणात गेली. भरपाई मागितलीच नव्हती. रात्री दोन ते पाच कोण हजर होतं, एवढंच विचारत होते. कोर्टात का होईना, डॉक्टरांना उत्तर द्यावं लागलं. तुमच्या योजनेत मला चेक मिळाला असता आणि दार बंद झालं असतं.

ऑकलंडवासी
माई, वाईट वाटलं. दार बंद होत नाही. इथे तक्रारीसाठी वेगळा आयुक्त आहे. ऑकलंडच्या रुग्णालयात स्त्रियांना न सांगता उपचार रोखून प्रयोग झाल्याचं १९८८ च्या चौकशीत उघड झालं, त्यानंतर १९९४ च्या कायद्याने तो नेमला. पैसे एसीसीकडे, जाब तिकडे.

काळाकोट
खिडकी दहा वर्षांत उघडेल, आयुक्त पंचवीस वर्षांत. मधल्या पंधरा वर्षांत माईंनी कुणाला विचारायचं?

शरयू_माई
तेच.