मदत हवी आहे: एकच पायथन कोड विंडोज ७, विंडोज १० आणि उबुंटूवर

फोंड्यातल्या एका शाळेच्या लॅबमध्ये २२ यंत्रं आहेत. १२ वर विंडोज ७ (३२-बिट, २ जीबी रॅम), ४ वर विंडोज १०, ६ वर उबुंटू २४.०४ (लिनक्स). मुलांचा कोड तिन्हीकडे जसाच्या तसा चालायला हवा.

खरी अडचण विंडोज ७ ची. पायथन ३.९ पासून विंडोज ७ चा आधार काढलाय, इन्स्टॉलर सुरुवातीलाच नकार देतो. दुसऱ्या यंत्रावरून फोल्डर कॉपी केला तर डीएलएल (विंडोजची सामायिक कोड-फाइल) सापडत नाही म्हणून पायथन रडतो. म्हणजे तिथे ३.८.१०, तेही सर्व्हिस पॅक १ असेल तरच. उबुंटूवर मात्र ३.१२ आहे. धड्यांत मॅच-केस (किमतीनुसार पर्याय निवडायची रचना) वापरलंय, ते ३.१० पासूनचं, ३.८ वर थेट सिंटॅक्स एरर.

बाकीचं सुटलंय: विंडोज १० वर 'पायथन' टाइप केल्यावर स्टोअर उघडायचं, ते ॲप एक्झिक्यूशन एलियसमधून बंद केलं. उबुंटूवर पिप (पायथनची पॅकेजेस बसवणारं साधन) थेट पॅकेज बसवू देत नाही, म्हणून वेनव (प्रकल्पापुरतं वेगळं पायथन) वापरलं. मराठी नावांची फाइल विंडोजवर वाचताना एन्कोडिंग यूटीएफ-८ सांगावंच लागतं, नाहीतर अक्षरांचा काला.

आता प्रश्न: मॅच-केस काढून इफ-एलिफवर यावं, की त्या १२ यंत्रांवर ३२-बिट डेबियन १२ (हेही लिनक्स, त्यात पायथन ३.११ येतो) ड्युअल बूट करावं, म्हणजे विंडोजच्या शेजारी बसवावं? विंडोज पुसता येत नाही, हिशेबाचं सॉफ्टवेअर त्यावरच आहे. २ जीबीत एलएक्सडीई (हलकं डेस्कटॉप) आणि थॉनी (नवशिक्यांसाठीचा पायथन एडिटर) एकत्र कुणी चालवलंय का? आणि ८० जीबीच्या डिस्कवर डेबियनला किती जागा द्यावी?