पलिष्टी दुसऱ्यांदा आले तेव्हा दावीदाने पुन्हा का विचारलं?

रविवारची ताई

मी आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, रविवारच्या शाळेला नऊ ते बारा वर्षांची मुलं घेते. गेल्या रविवारी बायबलमधल्या २ शमुवेल या पुस्तकाचा ५वा अध्याय होता, दावीद राजा आणि त्याचे शत्रू पलिष्टी यांचा. फळ्यावर रफाईमचं खोरं काढलं, खालून येणारे पलिष्टी काढले. दावीद देवाला विचारतो, "चढाई करू का?" उत्तर येतं, "कर." तो जिंकतो. काही काळाने तेच पलिष्टी त्याच खोऱ्यात पुन्हा पसरतात आणि दावीद पुन्हा विचारतो. इथे मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. "ताई, एकदा 'जा' म्हणून सांगितलं होतं ना? मग परत विचारायचं कशाला?" त्याच्या शेजारणीने भर घातली, "आणि देवच लढला तर दावीदाने काय केलं?"

मी म्हटलं, पुढच्या रविवारी सांगते. आठवडाभर तोच अध्याय वाचतेय. "दावीद नम्र होता" एवढ्यावर मुलं गप्प बसतील, पण माझंच समाधान होत नाही.

सुभेदार (निवृत्त)

ताई, पोराने बरोबर जागी बोट ठेवलंय. दुसऱ्या वेळचं उत्तर वेगळं आहे ते बघा. या वेळी समोरून जाऊ नको, वळसा घालून मागून जा, तुतीच्या झाडांसमोर थांब. शेंड्यांतून सैन्य चालल्यासारखा आवाज आला की मग झटकन निघ, देव तुझ्यापुढे निघालेला असेल. पहिल्या विजयाच्या भरवशावर तो तसाच समोरून गेला असता, तर पलिष्टी तिकडेच तोंड करून बसलेले असणार. मार खाल्लेला शत्रू तीच चूक दोनदा करत नाही.

आवाजाचंही सांगतो. ईशान्येकडे असताना आम्ही रात्री बांबूच्या बनाशेजारून गस्तीला जायचो. शेंड्यांत वारा शिरला की वीस माणसांच्या बुटांचा आवाज त्यात विरून जायचा. वारा पडला की जागच्या जागी थांबायचं, श्वाससुद्धा जपून. त्यामुळे ही ओळ वाचली की माझ्या अंगावर काटा येतो. वारा आणणं कोणाच्या हातात नसतं. फौज पोटावर पडून आहे, शत्रू समोर आहे, आणि सेनापती कान देऊन वाट बघतोय, हे दावीदाचं काम. त्या मुलीला हेच सांगा. आवाज येण्याआधी एक माणूस उठला असता तरी सगळं फसलं असतं.

अलिबागकर, मुक्काम अश्दोद

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे यहुदी. आजीचं मराठी घरात अजून टिकून आहे म्हणून इथे वाचते. रफाईमचं खोरं जेरुसलेमच्या नैर्ऋत्येला आहे. १८९२ मध्ये याफोहून जेरुसलेमला पहिली आगगाडी आली, तिचे रूळ याच खोऱ्यातून वर चढवलेत. किनाऱ्याकडून वर यायची ही सोपी वाट. पलिष्टी दोन्ही वेळा इथेच का आले ते नकाशा पाहिला की कळतं.

पहिल्या विजयाच्या जागेला दावीदाने बाल-परासीम नाव दिलं. 'पेरेत्स' म्हणजे भगदाड. पाण्याने बांध फुटावा तसा देवाने माझ्यापुढे शत्रू फोडला, असं तो म्हणतो. आपली तलवार त्या नावात त्याने कुठेच ठेवली नाही. तुतीबद्दल मात्र मुलांना फार ठासून सांगू नका. हिब्रूत 'बेखाईम' आहे आणि झाड नेमकं कोणतं यावर आमच्या पंडितांचंही एकमत नाही.

खरी गंमत 'विचारलं' या शब्दात आहे. हिब्रूत विचारणं किंवा मागणं म्हणजे 'शाअल'. दावीदाच्या आधीचा राजा शौल, त्याचं नाव याच धातूचं, 'मागितलेला'. आणि विचारायला कमी पडला तो शौलच. १ शमुवेल १४ मध्ये याजक देवाला विचारायच्या तयारीत असतो, तेवढ्यात पलिष्ट्यांच्या छावणीतला गोंधळ वाढतो. शौल त्याला म्हणतो, "हात आवर," आणि निघतो. गोंधळ ऐकून निघाला तो शौल, झाडांच्या आवाजासाठी थांबला तो दावीद. फळ्यावर दोघांना शेजारीशेजारी लिहा.

रविवारची ताई

हे मला कधीच दिसलं नव्हतं! मनापासून आभार. पण सुभेदारसाहेब, विचारून मिळालेली मदत प्रत्येक वेळी इतकी स्पष्ट असते का? मुलं घरी जाऊन परीक्षेचं, आजारपणाचं विचारतील आणि झाडांत आवाज येणार नाही.

सुभेदार (निवृत्त)

मग त्यांना आधी सिकलाग सांगा, दावीद तेव्हा राहायचा त्या गावाची गोष्ट, १ शमुवेल ३०. दावीद अजून राजा झालेला नाही. परत येतो तर गाव जळालंय, बायकापोरं अमालेकी नावाच्या शत्रू टोळीने नेलीत. त्याचीच माणसं त्याला दगडमार करायच्या गोष्टी करतात. तो एफोद, म्हणजे देवाला विचारताना वापरायचं याजकाचं वस्त्र, मागवून विचारतो. उत्तर येतं, पाठलाग कर, सगळं परत मिळवशील. पण कोणत्या दिशेला? ते सांगितलेलंच नाही.

६०० माणसं निघतात. बसोर ओहोळापाशी २०० थकून बसतात. पुढे रानात एक मिसरी पोर पडलेलं सापडतं, तीन दिवस तीन रात्री अन्नपाणी नाही. आपली बायकापोरं दर घटकेला लांब जातायत, तरी आधी त्याला भाकर, पाणी, अंजिराची ढेप आणि मनुकांचे दोन घड देतात. त्याच्या जिवात जीव आल्यावर मग दावीद विचारतो, तू कोणाचा? त्यानेच वाट दाखवली. घाईत कोणी त्याला ओलांडून गेलं असतं तर पाठलाग तिथेच संपला होता.

परतताना काही जण म्हणाले, मागे बसलेल्या २०० जणांना लुटीतलं काही द्यायचं नाही. दावीद म्हणाला, हे परमेश्वराने आपल्याला दिलंय, लढणारा आणि सामानापाशी राहणारा, दोघांचा वाटा सारखा. विजय माझाच असं धरलं असतं, तर त्याला हा न्याय करताच आला नसता. मी २८ वर्षं नोकरी केली. स्वयंपाक्याला आणि ड्रायव्हरला शाबासकी देणारे साहेब बोटांवर मोजण्याइतके भेटले, पण त्यांच्यासाठी माणसं जीव टाकायची.

रविवारची ताई

ठरलं, सिकलागपासून सुरू करते. अंजीर आणि मनुका घेऊनच जाते, हातात दिल्या की लक्षात राहतं. त्या मिसरी मुलाचं नाव कुठे दिलंय का? मुलं नाव विचारतातच.

अलिबागकर, मुक्काम अश्दोद

नाव नाही. आजारी पडला म्हणून अमालेकी धन्याने टाकून दिलेला गुलाम, एवढंच लिहिलंय. वाट दाखवण्याआधी त्याने दावीदाकडून शपथ घेतली: मला मारणार नाही आणि मला माझ्या धन्याच्या हाती देणार नाही.