सुदानसाठी कंटेनर भरावा की नाही : मंडळातील पत्रव्यवहार

प्रेषक : सचिव

सर्व सभासदांना स.न.वि.वि.

सुदानमध्ये 15 एप्रिल 2023 पासून लष्कर आणि आरएसएफ हे निमलष्करी दल यांच्यात युद्ध सुरू झाले आणि त्यात एक कोटीहून अधिक माणसांवर घरदार सोडण्याची वेळ आली. परदेशातल्या आपल्या मराठी मंडळाच्या कार्यकारिणीपुढे असा प्रस्ताव आहे की, गणेशोत्सवात मंडपाशेजारी संकलन केंद्र उघडून जुने पण धड कपडे, ब्लँकेटे, बिस्किटे आणि बाळांसाठी दुधाची पावडर गोळा करावी व कंटेनर भरून पोर्ट सुदान या तिथल्या बंदराला रवाना करावा. आपल्यापैकी बहुतेकांची गावे लातूर, धाराशिव, बीडकडची असल्यामुळे किल्लारीच्या भूकंपाच्या वेळी अनोळखी लोक आपल्यासाठी कसे धावून आले, हे कोणाला सांगायला नको. सूचना रविवारपर्यंत पाठवाव्यात.

प्रेषक : एक ज्येष्ठ सभासद, मुक्काम लातूर

सचिवताईंस सप्रेम नमस्कार.

निवृत्तीनंतर गावी परतलो असलो तरी मंडळाची पत्रे वाचतो, आणि किल्लारीचे नाव निघाले म्हणून लिहायला बसलो. 30 सप्टेंबर 1993 नंतर औसा-उमरगा भागात मदतीचे ट्रक एकामागून एक येत होते आणि त्यांतली कपड्यांची गाठोडी उतरवून घ्यायलाही जागा उरली नव्हती. आमच्याकडच्या बायका तेव्हा नऊवारी लुगडी नेसत, आणि गाठोड्यांतून निघत होत्या पँटी, लोकरी स्वेटर आणि एका पायाचे बूट. वरून पाऊस लागला, ढिगारे रस्त्याच्या कडेला कुजले, आणि ते निवडत बसलेली तरणी पोरे खरे तर पत्र्याचे निवारे उभारायच्या कामावर हवी होती. देणाऱ्यांच्या मनात खोट नव्हती. पण इथे काय हवे आहे, हे कोणी विचारलेच नव्हते.

तरीही किल्लारी आणि सुदान यांत मोठा फरक आहे, आणि माझ्या मते कंटेनरचा निर्णय त्यावरच व्हावा. किल्लारीचा रस्ता कोणी अडवला नव्हता. सुदानात मालापेक्षा वाटेचीच टंचाई अधिक आहे. पश्चिम सुदानातल्या दारफुर भागातील एल फाशर शहराला मे 2024 पासून आरएसएफचा वेढा होता. तो उठवावा असे संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने जून 2024 मध्ये ठरावाने बजावले, तरी तो 26 ऑक्टोबर 2025 रोजी शहर पडेपर्यंत उठला नाही. त्या काळात तिथली माणसे ‘अंबाझ’ खाऊन राहिली. अंबाझ म्हणजे तेल गाळून उरलेली भुईमुगाची पेंड, जी आपण म्हशीपुढे टाकतो. शेजारच्या चाड देशातून दारफुरात शिरणारा अद्रेचा नाका सुदानच्या लष्करी सरकारने फेब्रुवारी 2024 मध्ये बंद केला होता आणि तो ऑगस्टमध्ये उघडला. म्हणजे अडवणूक एकाच बाजूची नव्हती. नागरिकांना उपाशी मारणे हे लढाईचे हत्यार करू नये, असे अंतर्गत युद्धांसाठी 1977 साली जिनिव्हा करारांना जोडलेल्या दुसऱ्या प्रोटोकॉलच्या 14 व्या कलमात स्पष्ट लिहिले आहे. पण कलम नाक्यावर उभे राहून ट्रक सोडत नाही. अशा ठिकाणी आपला कंटेनर पोर्ट सुदानच्या गोदामात पडून भाडे तेवढे वाढवील.

मग तिथे माणसे जगली कशी? वस्तीवस्तीतल्या स्वयंसेवकांनी सामुदायिक स्वयंपाकघरे चालवली. तिकडे त्यांना ‘तकाया’ म्हणतात. मोठ्या पातेल्यात ज्वारीच्या पिठाची घट्ट असिदा किंवा मसूर शिजवायची आणि रांगेत डबे घेऊन उभ्या राहिलेल्या बायका-मुलांना वाढायची, एवढेच ते काम, आणि तेही बॉम्बवर्षावात. सुदान हा ज्वारी पिकवणारा आणि मुख्यतः ज्वारी खाणारा देश आहे. वेढा नसेल तिथे बाजारात धान्य असते, ते घ्यायला पैसा नसतो, म्हणून आपली बिस्किटे तिकडे धाडण्यात अर्थ नाही. जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेने परदेशी मदत थांबवली तेव्हा यांतली शेकडो स्वयंपाकघरे बंद पडली. पैसा कुठे कमी पडतो, याचा यापेक्षा वेगळा पुरावा मला तरी नको.

प्रेषक : एक सभासद

काकांनी लिहिलेल्या अनुभवाबद्दल पूर्ण आदर ठेवून विचारतो : सप्टेंबर 2025 च्या अतिवृष्टीत आपल्याच मराठवाड्यात पिकांसकट माती वाहून गेली, गोठ्यातली जनावरे गेली. आपले मंडळ आधी त्या लोकांचे की सुदानचे?

प्रेषक : डॉक्टर सभासद

मी अंबाजोगाईला शिकले आणि कुपोषित मुलांच्या वॉर्डात काम केले आहे, म्हणून फक्त दुधाच्या पावडरीपुरते लिहिते. ती कृपया यादीतून काढावी. शुद्ध पाणी आणि उकळायला सरपण नसलेल्या छावणीत बाटलीतले दूध म्हणजे जुलाब, आणि स्तनपान सुटले की बाळाचे संरक्षणही जाते. तीव्र कुपोषित मुलासाठी शेंगदाण्याची लगदी, दूध पावडर, साखर, तेल आणि जीवनसत्त्वे यांचे तयार पाकीट असते. 92 ग्रॅमच्या एका पाकिटात सुमारे 500 किलोकॅलरी मिळतात, त्यात पाणी घालावे लागत नाही आणि मूल ते आईच्या मांडीवर बसून चोखून खाते. दंडाभोवती पट्टी लावून घेर 11.5 सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, तर ते मूल या उपचारात येते. हे काम प्रशिक्षित माणसांनी हिशेबाने करायचे असते. आपण पुडे गोळा करून ते होत नाही.

प्रेषक : कोषाध्यक्ष

अतिवृष्टीबद्दलचा प्रश्न रास्त आहे आणि त्याला टोलवू नये. मात्र आपल्यासारख्या परदेशी संस्थेची देणगी भारतातल्या संस्थेला घ्यायची तर तिच्याकडे एफसीआरए (परदेशी देणग्यांविषयीचा भारतीय कायदा) खालची नोंदणी आणि दिल्लीतील स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत ठरलेले खाते लागते, त्यामुळे तो निधी वेगळा ठेवून नोंदणीकृत संस्थेलाच द्यावा लागेल. दोन पेट्या ठेवाव्यात. कोणी कशात टाकावे हे ज्याचे त्याने ठरवावे.

सुदानच्या बाबतीत थेट स्वयंसेवकांच्या हाती पैसे देण्याचा मोह मलाही होतो, कारण तिकडे ‘बँकक’ नावाच्या मोबाइल ॲपवरून पैसे फिरतात आणि परदेशी सुदानी कुटुंबे तेच करतात. परंतु रोकड हातात येईपर्यंत दलाल मोठे कमिशन कापतात, फोनचे जाळे बंद पडते, आणि निर्बंधांच्या यादीतील कोणाच्या हाती रक्कम गेल्यास उत्तर आपल्या बँकेला द्यावे लागते. म्हणून तकायांना रक्कम पोहोचवून त्याचे लेखापरीक्षित हिशेब देणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेमार्फत पैसे द्यावेत, आणि पावती सर्वांना पाठवावी.

प्रेषक : सचिव

कार्यकारिणीने बहुमताने कंटेनरचा प्रस्ताव मागे घेतला असून मंडपात दोन पेट्या ठेवण्याचे ठरले आहे. दोघा सभासदांनी विरोध नोंदवला. तो इतिवृत्तात घेतला आहे. उत्साहाने आधीच आणून दिलेली ब्लँकेटे इथल्या गावातल्या बेघर निवाऱ्याला हवी आहेत का, हे तिथल्या व्यवस्थापकांना मी विचारले आहे. उत्तर येईपर्यंत कोणीही आणखी आणू नयेत, ही विनंती.