मदत हवी आहे: नाशिक ते डहाणू, डांबरी टाळून ग्रॅव्हल बाईकने

सातपूरची_सायकल:

नमस्कार मंडळी,

डिसेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात नाशिकहून सायकलने डहाणूचा समुद्र गाठायचा बेत आहे. आम्ही तिघं आहोत: मी, माझी मावसबहीण आणि तिचा नवरा. वाटेत दोन मुक्काम, तिसऱ्या दिवशी ऊन कलायच्या आत समुद्र. गूगलला विचारलं की तो मुकाट त्र्यंबक, मोखाडा, जव्हार, विक्रमगड, चारोटी असा डांबरी रस्ता काढून देतो. रस्ता वाईट आहे असं अजिबात नाही, पण तिथून जायचं तर रोड बाईकच बरी होती. ग्रॅव्हल (कच्च्या रस्त्यांसाठीची, रुंद टायरची सायकल) घेतली ती मुरमासाठी, आणि ती सध्या गंगापूर रोडवर मिसळीला नेण्यापुरतीच उरली आहे.

इथे विचारायचं कारण असं की नाशकात सायकलवाल्यांना तोटा नाही. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका ही अमेरिकेच्या आरपारची सायकलशर्यत पूर्ण केली, तेव्हापासून तर घरटी एक सायकल दिसते. पण ज्याला विचारावं तो डांबरी रस्त्याचे किलोमीटर आणि घाटाची चढण सांगतो. आतल्या वाटांबद्दल विचारलं की "बघ बाई, पंक्चर होईल" यावर गाडी थांबते.

माझ्या डोक्यात आहे ते असं. ब्रह्मगिरीला उगम पावलेली गोदावरी थेट बंगालच्या उपसागराला जाते, आणि त्याच त्र्यंबकच्या डोंगरांतून निघालेली वैतरणा पश्चिमेला उतरून दातिवरे-अर्नाळ्यापाशी अरबी समुद्राला मिळते. मधल्या मुलखात या पश्चिमवाहिनी नद्यांनी पठार नुसतं चिरून काढलंय. वैतरणेची दरी, दाभोशाजवळची लेंडी नदीची दरी, पुढे सूर्या. मला या दऱ्यांच्या काठाकाठाने समुद्रापर्यंत जायचंय.

कच्चा आराखडा: पहिल्या दिवशी नाशिक, त्र्यंबक, पहिने, निरगुडपाडा (हरिहरच्या पायथ्याचा) करत खोडाळा. दुसऱ्या दिवशी खोडाळा ते जव्हार, जमलं तर दाभोसा. तिसऱ्या दिवशी जव्हारहून खाली धामणीचं सूर्या धरण, कासा, चारोटी आणि डहाणू.

आता शंका. त्र्यंबकहून तोरंगण घाटाने सरळ मोखाड्याला उतरावं की खोडाळ्याचा वळसा घ्यावा? नकाशात तुटक रेषेने दाखवलेल्या पाड्यापाड्यांमधल्या वाटांवर कितपत विसंबायचं? माझ्या सायकलला ३८ मिमीचे टायर आहेत, पुढे ४० दात्यांची एकच चकती, मागे ११ ते ४२ दात्यांच्या चकत्या. बहिणीकडे साधी एमटीबी (डोंगरी सायकल) आहे, तिची काळजी नाही. आणि सगळ्यात मोठा प्रश्न म्हणजे परत यायचं कसं? डहाणू पश्चिम रेल्वेवर, नाशिक मध्य रेल्वेवर.

जाता जाता, भावजींचं म्हणणं आहे की दऱ्याच बघायच्या तर सांधण दरी पण घेऊ. मला ते पटत नाहीये, पण माझं ते ऐकत नाहीत. तुम्ही सांगा.

घाटमाथा:

ताई, बेत झकास आहे. एक गैरसमज मात्र आधीच काढून टाका. नाशिक समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास, डहाणू शून्यावर, म्हणजे उतारच उतार, असं सगळ्यांना वाटतं. पहिली गोष्ट, त्र्यंबकपर्यंत तुम्ही आणखी शंभरेक मीटर वर चढता. दुसरी, तुम्हीच म्हणालात तसं पठार चिरलेलं आहे. रस्ता प्रत्येक नदीला, ओढ्याला खाली उतरतो, पुलावरून पलीकडे जातो आणि पुन्हा तेवढाच वर चढतो. मोखाडा-जव्हार भागात हे दिवसभर चालतं. एकही चढ फार लांब नाही, पण संध्याकाळी बेरीज केली की कसारा घाट परवडला असं वाटतं. त्यामुळे दिवसाचं अंतर ठरवताना किलोमीटर बघू नका, एकूण चढाई बघा. सामानासकट कच्च्या रस्त्यावर तासाला दहा-बारा किलोमीटर पडले तरी खूप झालं.

तोरंगण की खोडाळा, तर खोडाळा, डोळे झाकून. तोरंगणचा घाट सुंदर आहे, पण तो मुख्य रस्ता; एसटी, जीपा, माल भरलेले ट्रक सगळे तिथूनच. पहिने-निरगुडपाड्याच्या बाजूने उजवीडावीकडे हरिहर, बसगड दिसत राहतात, वाहतूक कमी, आणि पाड्यांकडे फुटणारे फाटेही त्याच बाजूला जास्त. खोडाळ्याजवळ देवबांधचा गणपती आहे. नदीकाठी, गर्द सावलीत. दुपारची विश्रांती तिथे घ्या.

सांधणबद्दल: भावजींना नम्रपणे सांगा की ती साम्रदला, अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याच्या पलीकडे आहे. तुमच्या वाटेच्या बरोबर उलट दिशेला. दोनशेक फूट उभ्या कातळभिंतींमधली अरुंद नाळ, आत मोठमोठे दगड आणि पाण्याचे डोह. तिथे सायकल खांद्यावर घेऊनही चालता येणार नाही. शिवाय तो अभयारण्याचा भाग. वेगळा शनिवार-रविवार काढून पायी जा.

तेलकट_चेन:

टायरवर बोलतो. ३८ ने होईल, पण तुमच्या फ्रेममध्ये ४२ किंवा ४५ बसत असतील तर बदलाच. आपल्याकडचा दगड बेसाल्ट. रस्त्यासाठी फोडलेली ताजी खडी असते ना, तिच्या कडा सुरीसारख्या असतात. पंक्चर तळाला होत नाही, टायरची बाजूची भिंत कापली जाते. ट्यूबलेस असाल तरी असली चीर सीलंटने (टायरच्या आत भोक बुजवायला भरतात ते द्रव) भरत नाही. टायरमधून पांढरा फेस येत राहतो, तुम्ही चाक फिरवत बसता आणि हवा संपते. म्हणून जुन्या टायरचा बोटभर लांबीचा तुकडा कापून जवळ ठेवा. तो आतून चिरेवर लावायचा, वर ट्यूब टाकायची, आणि थोडी कमी हवा भरून पुढे निघायचं. जुना टायर नसेल तर दुधाच्या पिशवीची जाड घडीसुद्धा मुक्कामापर्यंत नेते.

सीलंट निघायच्या आठवड्यात नवीन भरा. नाशिकच्या कोरड्या हवेत दोन-तीन महिन्यांत त्याचा रबरी गोळा होऊन आत खुळखुळत असतो आणि आपण निर्धास्त असतो. हवा: वजन साठ ते सत्तर किलो असेल तर ४२ च्या टायरला पुढे ३५, मागे ३८-४० पीएसआय. ३८ वर राहिलात तर त्यात चार-पाच वाढवा, नाहीतर रिमवर आपटेल.

गिअरिंग मात्र मला जड वाटतंय. पुढे ४०, मागे ४२, म्हणजे सगळ्यात हलका गिअर जेमतेम एकास एकच्या खाली. बॅगा लावून मुरमाच्या चढावर उभं राहून मारायला गेलात की मागचं चाक जागेवर फिरतं. बसूनच चढावं लागतं, आणि बसून चढायला हलका गिअर हवा. पुढची चकती ३६ ची मिळाली तर बघा, हजारबाराशेचं काम असेल. उतारावर वेग कमी पडेल, पण त्या उतारांवर तसाही ब्रेकच दाबायचा आहे. डिस्क ब्रेकचे पॅड बघून घ्या. तिसऱ्या दिवशी लागतील.

जव्हारचा:

मी मूळचा इकडचाच, सध्या कामानिमित्त नाशकात. वरचं सगळं बरोबर आहे, थोडी भर घालतो.

नकाशातल्या तुटक रेषा: अर्ध्याअधिक ठिकाणी आता डांबर आहे. ग्रामसडक योजनेत पाड्यांचे रस्ते झाले, नकाशे मागे राहिले. उरलेल्यांपैकी काही खरोखर चांगल्या मुरमाच्या वाटा आहेत आणि काही फक्त भाताच्या खाचरांच्या बांधावरून जातात. सॅटेलाइट चित्र बघताना ते कोणत्या महिन्यातलं आहे ते बघा. पावसाळ्यानंतर लगेचचं असेल तर सगळं हिरवं दिसतं, वाट कुठली नि गवत कुठलं कळत नाही. मार्च-एप्रिलचं चित्र खरं बोलतं.

गावात विचारताना "इथून रस्ता जातो का" असं विचारू नका. हो म्हणतील, कारण ते स्वतः रोज डोक्यावर मोळी घेऊन त्याच वाटेने जातात. "मोटरसायकल जाते का" हे विचारा. जात असेल तर तुमची सायकल नक्की जाईल. "उचलून घ्यावी लागते" असं उत्तर आलं तर वाटेत ओढ्याची खडी उतरण आहे असं समजा.

आणखी एक, जे बाहेरून येणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. भाताची कापणी-झोडणी उरकली की मोखाडा-जव्हारमधली कितीतरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर कामाला जातात, भिवंडी-वसईकडे. डिसेंबरअखेर काही पाडे निम्मे रिकामे असतात. म्हातारी माणसं आणि शाळेची पोरं तेवढी मागे. त्यामुळे "पुढच्या पाड्यावर टपरी असेल" या भरवशावर राहू नका. खोडाळ्यात पाणी आणि खाणं भरून घ्या, ते जव्हारपर्यंत पुरवा. पाण्याच्या बाटल्या माणशी किमान दोन, आणि तिसरी बॅगेत.

दाभोसा बघाच. धबधबा तीनेकशे फुटांचा सांगतात. डिसेंबरात धार बारीक होते, पण दरीचा कातळ उघडा पडतो, आणि माझ्या मते तेव्हाच ती जागा जास्त कळते. सायकली वरच ठेवा, खाली पायऱ्यांनी उतरायचं आहे. जव्हारहून जाऊन-येऊन अर्धा दिवस जातो. म्हणजे खोडाळा-जव्हार आणि दाभोसा एकाच दिवशी करायचं असेल तर पहाटे निघावं लागेल. मी तुमच्या जागी असतो तर जव्हारला दोन रात्री काढल्या असत्या. राहायला लॉज मिळतात, जेवायचीही सोय आहे. खोडाळ्यात मात्र आधी फोनाफोनी केल्याशिवाय जाऊ नका.

घाटमाथा:

जव्हारच्या दादांना अनुमोदन. पावसानंतरच्या चिखलाबद्दल कुणी काही बोललं नाही म्हणून सांगतो: आपल्या निफाड-ओझरकडच्या काळ्या मातीची सवय असलेले लोक अवकाळी पावसाचं ऐकून घाबरतात. ती काळी माती चाक आणि फोर्कमध्ये अशी थापली जाते की सायकल ढकलताही येत नाही. त्र्यंबकच्या पश्चिमेला बहुतेक ठिकाणी तांबूस मुरमाड जमीन आहे, पाणी पटकन निचरतं. एखादी सर आली तर तासाभरात पुन्हा निघता येतं.

लोकलचा_मालडबा:

परतीचं मी सांगतो. डहाणूपर्यंत २०१३ पासून लोकल आहे. गर्दीची वेळ टाळून मालडब्यात सायकल चढवता येते, सामानाचं तिकीट काढा. डहाणूहून दादर, तिथून मध्य रेल्वेने नाशिक रोड. अडचण दादरच्या पुढे. एक्सप्रेसच्या डब्यात उभी सायकल घेऊ देत नाहीत. पार्सलला द्या, नाहीतर दोन्ही चाकं काढून बॅगेत भरा आणि सीटखाली सारा. तिघांच्या तीन सायकली घेऊन दादरचा पूल चढणं हा वेगळाच व्यायाम आहे. दुसरा मार्ग वसईहून दिव्याकडे जाणाऱ्या मेमूचा. दिव्याहून कल्याण, मग पुढे. गर्दी कमी, पण गाड्या मोजक्या, वेळापत्रक आदल्या दिवशी बघून घ्या.

एवढं करण्यापेक्षा तिघांत मिळून छोटा टेम्पो ठरवा. नाशिकहून भाजी घेऊन वापी-सुरतकडे जाणारे पिकअप परतताना बरेचदा रिकामे असतात. मार्केट यार्डात ओळख काढा. सायकलींखाली गोणपाट घालायला सांगा आणि डिरेलर (मागचा गिअर बदलणारा भाग) वरच्या बाजूला येईल अशी ठेवा.

सातपूरची_सायकल:

मंडळी, मनापासून आभार. एवढी उत्तरं येतील असं वाटलं नव्हतं.

खोडाळ्याचा वळसा पक्का. जव्हारला दोन रात्री, म्हणजे एकूण चार दिवस. त्यासाठी सुट्टी वाढवायला लागेल, ते मी बघते. चकती बदलायला टाकली आहे. ४२ चे टायर फ्रेमच्या मागच्या त्रिकोणात घासतील असं दुकानदार म्हणतो, त्यामुळे ४० वर तडजोड. सांधणचं भावजींना हा धागाच वाचायला दिला. आता ते म्हणतायत की मग फेब्रुवारीत जाऊ. ठीक आहे.

राहिला एकच तुकडा, शेवटच्या दिवसाचा. जव्हारहून कासापर्यंत उतरल्यावर चारोटीला राष्ट्रीय महामार्ग ४८ ओलांडायचा आहे, आणि त्या ट्रकांमध्ये मला फार वेळ काढायचा नाही. सूर्या प्रकल्पाच्या कालव्याच्या कडेने तपासणीचा कच्चा रस्ता सॅटेलाइटवर दिसतो. तिथे सायकल नेऊ देतात का? आणि तो महामार्गाखालून पलीकडे निघतो की मध्येच फाटक लागतं?

जव्हारचा:

कालव्याच्या रस्त्याने लोक मोटरसायकली नेतात, आमच्या मामाचं शेत तिकडेच आहे. फाटकाचं त्याला विचारून रविवारी सांगतो. तोवर एक करा: तो तुकडा सकाळी लवकर ठेवा. आणि महामार्ग पार झाला की डहाणूत घुसायची घाई करू नका. डहाणूहून नरपड, चिखले, घोलवड, बोर्डी असा किनाऱ्यालगतचा रस्ता आहे, एका बाजूला सुरूची झाडं, दुसऱ्या बाजूला चिकूच्या वाड्या. घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन आहे, आणि डिसेंबर-जानेवारीत वाड्यांच्या दारातच टोपल्या मांडलेल्या असतात. ओहोटी असेल तर तुमच्या टायरने ओल्या घट्ट वाळूवरूनही बरंच अंतर जाता येईल. फक्त नंतर चेन गोड्या पाण्याने धुऊन तेल घाला, खारं पाणी दोन दिवसांत गंज चढवतं. टेम्पोवाल्याला बोर्डीलाच बोलवा.